चुकलेले बिट कसे सुधारावेत: कागद-पेन्सिलीने डिकोडिंग

आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी वीज गेलेली आहे, मोबाइलची रेंज येत-जात आहे, आणि कोणी टॅक्सीवाल्याला ‘कोलवाळला या’ असे सांगताना शेवटचा ‘ळ’ गळून पडला, तर टॅक्सी कोलव्याला जाईल. कोलवाळ बार्देशात आणि कोलवा सासष्टीत. मध्ये मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या आहेत. ऐकणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण त्याने जे ऐकले तेही एका खऱ्याच गावाचे नाव होते. याउलट ‘डिचोली’मधला ‘चो’ गळाला आणि ‘डि…ली’ एवढेच कानावर पडले, तरी गोव्यातला माणूस डिचोलीलाच पोहोचेल, कारण तालुक्यांच्या नावांत त्याच्या जवळपास बसणारे दुसरे नाव नाही.

त्रुटी-सुधारक कोडांचे सारे शास्त्र या दोन उदाहरणांमधल्या फरकावर उभे आहे. पाठवायचे शब्द मुद्दाम असे निवडायचे की कोणतेही दोन शब्द एकमेकांपासून पुरेसे दूर राहतील. मग वाटेत एखाद-दुसरा बिट (० किंवा १) उलटला तरी आलेला शब्द आपल्या मूळ शब्दाच्याच जवळ राहतो. दोन शब्दांत जितक्या जागी बिट वेगळे असतात तितके त्यांच्यातील अंतर, आणि कोडमधील, म्हणजे अशा निवडलेल्या शब्दांपैकी, कोणत्याही दोन शब्दांमधील सर्वांत कमी अंतर हे त्या कोडचे किमान अंतर. ते ३ असेल तर एक चूक खात्रीने सुधारता येते, ५ असेल तर दोन, ७ असेल तर तीन. नुसती चूक झाली आहे एवढेच ओळखायचे असेल, तर किमान अंतरापेक्षा एकने कमी इतक्या चुकांपर्यंत ती ओळखता येते.

आलेला शब्द उलगडणारा डिकोडर खरा संदेश शोधतो, असे विद्यार्थी बहुधा धरून चालतात. खरा संदेश त्याला ठाऊक नसतो आणि ठाऊक होण्याची सोयही नसते. आलेल्या शब्दाला सर्वांत जवळचा वैध शब्द कोणता, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तो देतो. हे पक्के ध्यानात ठेवून पुढील उदाहरणे स्वतः कागदावर सोडवावीत. चौकटींची वही आणि पेन्सिल यांपलीकडे काही लागत नाही. बेरीज सर्वत्र एकाच प्रकारची आहे: एकांची संख्या सम असेल तर उत्तर ०, विषम असेल तर १.

हॅमिंग कोड: तीन राखणदार

रिचर्ड हॅमिंग अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत असताना, शनिवार-रविवारी यंत्रावर सोडलेले काम एखाद्या चुकीपाशी अडून टाकून दिले जाई. यंत्राला चूक कळते, तर ती कुठे आहे हे का कळू नये, या वैतागातून निघालेला कोड त्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. चार संदेश-बिटांना तीन पॅरिटी बिट, म्हणजे एकांची संख्या सम ठेवणारे जादा बिट, जोडून सात बिटांचा शब्द करणारे त्याचे छोटे रूप शिकण्यासाठी सर्वांत सोयीचे आहे.

सात जागा डावीकडून १ ते ७ अशा आखून घ्याव्यात. १, २ आणि ४ या जागा पॅरिटीच्या. ३, ५, ६ आणि ७ या संदेशाच्या. आपल्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो आणि त्याची हद्द ठरलेली असते. इथे तीन राखणदार आहेत, फक्त त्यांच्या हद्दी एकमेकींवर चढलेल्या आहेत. पहिला १, ३, ५, ७ या जागा राखतो, दुसरा २, ३, ६, ७, आणि तिसरा ४, ५, ६, ७. राखणे म्हणजे आपल्या हद्दीतील एकांची संख्या सम ठेवणे. हद्दींची ही वाटणी पाठ करण्याची गरज नाही. जागेचा क्रमांक १, २ आणि ४ यांच्या बेरजेत मांडला की तो कोणाकोणाच्या हद्दीत येतो ते कळते: ६ म्हणजे ४ अधिक २, म्हणून सहावी जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या राखणदाराची.

संदेश १०११ घेऊ. तो ३, ५, ६, ७ या जागी अनुक्रमे लिहिला की पहिल्या राखणदाराच्या हद्दीत १, ०, १ येतात. ते समच आहेत, म्हणून पहिली जागा ०. दुसऱ्याच्या हद्दीत १, १, १ येतात, म्हणून दुसरी जागा १. तिसऱ्याच्या हद्दीत ०, १, १ येतात, म्हणून चौथी जागा ०. पूर्ण शब्द झाला ०११००११.

आता वाटेत सहावा बिट उलटला आणि आपल्या हाती ०११०००१ आला, असे समजू. डिकोडिंगची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक राखणदाराला विचारणे. पहिल्याच्या हद्दीत ०, १, ०, १ आहेत. सम, तक्रार नाही. दुसऱ्याच्या हद्दीत १, १, ०, १ आहेत. विषम, तक्रार आहे. तिसऱ्याच्या हद्दीत ०, ०, ०, १ आहेत. विषम, तक्रार आहे. तक्रार करणाऱ्यांची किंमत अनुक्रमे १, २ आणि ४ धरली, तर बेरीज २ अधिक ४ म्हणजे ६. सहावा बिट उलटा करा, शब्द पूर्ववत होतो आणि ३, ५, ६, ७ या जागांवरून संदेश वाचता येतो. तक्रारींच्या या संचाला सिंड्रोम म्हणतात. वैद्यकातील लक्षणसमूहाचाच हा शब्द आहे आणि तो इथे चपखल बसतो. सिंड्रोम मूळ संदेशावर अवलंबून नसतो, केवळ चुकीवर अवलंबून असतो, ही गोष्ट चार-पाच वेगवेगळे संदेश घेऊन पडताळून पाहावी. पुढे बीसीएच आणि रीड-सॉलोमन कोड शिकताना हाच गुण कामी येतो.

यानंतर दोन चुका मुद्दाम करून पाहाव्यात, कारण पाठ्यपुस्तके इथे घाईने पुढे जातात. मूळ शब्दातील तिसरा आणि सहावा असे दोन्ही बिट उलटले तर हाती येतो ०१००००१. तक्रारी पहिल्याच्या आणि तिसऱ्याच्या, बेरीज ५. डिकोडर निर्धास्तपणे पाचवा बिट उलटवतो आणि ०१००१०१ हा पूर्णपणे वैध शब्द देतो. त्यातून निघणारा संदेश ०१०१, म्हणजे मूळ १०११ मधील चारपैकी तीन बिट चुकीचे. डिकोडरने हात लावला नसता तर संदेशाचे दोनच बिट चुकले असते. टॅक्सी कोलव्याला पोहोचली, आणि चालकाला आपण बरोबर ठिकाणी आलो याची खात्रीही आहे.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे आठवा बिट, जो स्वतःसह सर्व आठ बिटांची मिळून पॅरिटी सम ठेवतो. सिंड्रोम शून्य नाही आणि एकूण पॅरिटी विषम आहे, तर एक चूक समजून ती सुधारावी. सिंड्रोम शून्य नाही पण एकूण पॅरिटी सम आहे, तर दोन चुका झाल्या आहेत असे सांगून थांबावे. सर्व्हरच्या मेमरीत याच कल्पनेचे मोठे रूप वापरतात.

व्हिटर्बी: निकाल लांबवण्याची रीत

ठरावीक लांबीचे गठ्ठे न करता बिट ओघाने येत राहतात तेव्हा संवहनी कोड वापरतात. इथे एन्कोडरला, म्हणजे संदेशाचा कोड करणाऱ्या यंत्राला, मागील काही बिटांची आठवण असते आणि प्रत्येक नव्या बिटागणिक तो दोन बिट बाहेर टाकतो. आपण आठवण दोनच बिटांची ठेवू. नवा बिट, मागचा बिट आणि त्यामागचा बिट या तिघांची बेरीज म्हणजे पहिला बाहेरचा बिट. नवा आणि त्यामागचा या दोघांची बेरीज म्हणजे दुसरा.

मागचा बिट आधी आणि त्यामागचा नंतर असे लिहिले तर एन्कोडरच्या चार अवस्था होतात: ००, १०, ०१, ११. त्यांच्यामधील वाटा अशा आहेत. ०० वरून बिट ० आला तर ०० वरच राहतो आणि ०० बाहेर टाकतो. १ आला तर १० वर जातो आणि ११ टाकतो. १० वरून ० आला तर ०१ वर जाऊन १०, आणि १ आला तर ११ वर जाऊन ०१. ०१ वरून ० आला तर ०० वर जाऊन ११, आणि १ आला तर १० वर जाऊन ००. ११ वरून ० आला तर ०१ वर जाऊन ०१, आणि १ आला तर ११ वरच राहून १०. हे वाचून सोडू नये, चार ओळींचा जाळीदार नकाशा काढावा. पुढचे सारे त्या नकाशावर बोट ठेवून करायचे आहे.

संदेश १०१ घेऊ आणि एन्कोडर शेवटी ०० अवस्थेत परत यावा म्हणून त्यामागे दोन शून्ये लावू. बाहेर पडते: ११ १० ०० १० ११. दुसऱ्या जोडीतील पहिला बिट आणि चौथ्या जोडीतील दुसरा बिट उलटून आपल्याला मिळाले: ११ ०० ०० ११ ११.

रीत अशी की प्रत्येक पायरीला प्रत्येक अवस्थेपर्यंत येणाऱ्या वाटांपैकी सर्वांत कमी विसंगती (आलेल्या बिटांशी न जुळणारे बिट) असलेली एकच वाट जपायची आणि बाकीच्या खोडायच्या. पहिली जोडी ११ पाहून ०० वर २ विसंगती आणि १० वर ०. दुसरी जोडी ०० पाहून ०० वर २, १० वर ४, ०१ वर १ आणि ११ वरही १. तिसऱ्या जोडीला खरी स्पर्धा सुरू होते, कारण आता प्रत्येक अवस्थेत दोन-दोन वाटा येऊन मिळतात. ०० वर एक वाट २ घेऊन येते आणि दुसरी ३; २ जपावी. १० वर ४ विरुद्ध १. १ जपावी, आणि ती ०१ वरून आली अशी खूण करावी. ०१ वर आणि ११ वर ५ विरुद्ध २. दोन्हीकडे २ जपावी.

चौथ्या जोडीपासून शेपटीची शून्ये सुरू होतात, म्हणून ०० आणि ०१ या दोनच अवस्था उरतात. ०० वर ४ विरुद्ध २, जिंकणारी वाट ०१ वरून. ०१ वर २ विरुद्ध ३, जिंकणारी वाट १० वरून. या क्षणी दोन्ही अवस्थांवर विसंगती सारखीच, २ आहे. इथेच निकाल द्या असे कोणी म्हटले तर नाणे उडवावे लागेल. पाचवी जोडी ११ आली की ०० वरून येणारी वाट ४ होते आणि ०१ वरून येणारी २ वरच राहते. आता शेवटापासून उलट चालत यावे: ००, ०१, १०, ०१, १०, ००. ही वाट ज्या बिटांनी घडली ते १, ०, १, ०, ०. शेपटी काढली की संदेश १०१ हाती येतो, दोन्ही चुका सुधारलेल्या.

अँड्र्यू व्हिटर्बी यांनी ही रीत १९६७ मध्ये मांडली. एकेका बिटाचा निकाल तो येताच द्यावा हा मोह आपल्याला असतो, आणि ही रीत तो मोह आवरते. हार्डवेअरमध्ये अनंत काळ थांबता येत नाही, म्हणून आठवणीच्या लांबीच्या सुमारे पाचपट मागे जाऊन निकाल देतात. तितक्या मागे गेले की जपलेल्या सर्व वाटा बहुधा एकाच खोडातून फुटलेल्या दिसतात. १९७७ मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर यानांवर ६४ अवस्थांचा असा कोड आहे. नकाशा मोठा, पण बोट ठेवून चालण्याची पद्धत तीच.

शंका फेकून देऊ नये

आतापर्यंत आपण आलेला प्रत्येक बिट ० किंवा १ असा छापील मानला. ॲन्टेनावर मात्र व्होल्टेज येते. ० साठी अधिक १ आणि १ साठी उणे १ पाठवले, आणि तोच बिट तीनदा पाठवल्यावर अधिक ०.१, अधिक ०.२ आणि उणे १.५ असे आकडे मिळाले, तर काय करावे? आधी प्रत्येकाचा निकाल लावून मग मते मोजली, तर दोन विरुद्ध एक, उत्तर ०. आकडे तसेच ठेवून बेरीज केली, तर उणे १.२, उत्तर १. पहिले दोन साक्षीदार कुजबुजले होते आणि तिसरा ठणकावून बोलला होता; मतमोजणीने तिघांना एकाच मापात तोलले. व्हिटर्बीमध्ये विसंगती मोजताना बिटांऐवजी असे आकडे वापरले, तर सर्वसाधारण गोंगाटात सुमारे २ डेसिबलचा फायदा होतो. ॲन्टेना मोठी न करता मिळणारा हा फायदा आहे, म्हणून डीमॉड्युलेटर (आलेल्या लहरींतून बिट काढणारे उपकरण) निवडताना तो मऊ निकाल, म्हणजे ०-१ ऐवजी असे आकडे, देतो की नाही हे आधी पाहावे. बरेच जण हे शेवटी पाहतात.

एकगठ्ठा चुका

वरील सर्व उदाहरणांत चुका विखुरलेल्या होत्या. प्रत्यक्षात वीज कडाडली, ओरखडा पडला किंवा वाटेत डोंगर आला की चुका घोळक्याने येतात, आणि एक चूक सुधारणारा हॅमिंग शब्द अशा घोळक्यापुढे टिकत नाही. तेव्हा सात बिटांचे बरेच शब्द एकाखाली एक लिहून काढावेत आणि ओळींनी न पाठवता उभ्या रांगांनी पाठवावेत. दहा शब्द असतील तर सलग दहा बिट बिघडले तरी प्रत्येक शब्दाच्या वाट्याला एकच चूक येते. याला इंटरलीव्हिंग म्हणतात. किंमत वेळेची आहे: सर्व रांगा येईपर्यंत पहिला शब्दही वाचता येत नाही, त्यामुळे दूरध्वनी संभाषणासाठी फार शब्द असे एकत्र गुंफता येत नाहीत, चित्रपट उतरवण्यासाठी गुंफता येतात.

दुसरा मार्ग १९६० मध्ये आलेल्या रीड-सॉलोमन कोडचा. हा बिटांऐवजी सहसा आठ-आठ बिटांचे बाइट मोजतो. एका बाइटातील आठही बिट बिघडले तरी त्याच्या हिशेबी ती एकच चूक. २५५ बाइटांपैकी २२३ संदेशाचे असतील तर ३२ जादा बाइट १६ चुका सुधारतात. डिकोडिंगचे टप्पे चार आहेत: सिंड्रोम काढणे, त्यांवरून चुकांच्या जागा सांगणारी बहुपदी बर्लेकॅम्प-मॅसी पद्धतीने शोधणे, चिएन शोधाने तिची मुळे म्हणजे प्रत्यक्ष जागा काढणे, आणि फॉर्नीच्या सूत्राने त्या जागी किती चुकले ते ठरवणे. हॅमिंगमध्ये जागा कळली की काम संपत होते, कारण बिट उलटवण्याशिवाय दुसरे काही शक्यच नव्हते. बाइटाच्या बाबतीत जागा आणि प्रमाण असे दोन अज्ञात असतात, म्हणून प्रत्येक चुकीला दोन जादा बाइट खर्च होतात. यामुळेच, एखादी जागा बिघडली आहे हे आधीच ठाऊक असेल तर तिला एकच जादा बाइट पुरतो. आपला रिसीव्हर अशा संशयित जागा सांगू शकत असेल तर ती माहिती डिकोडरपर्यंत पोहोचवावी. कोड न बदलता क्षमता दुपटीपर्यंत जाते. पणजीच्या मासळी बाजारात पाण्याने भिजून कोपरा उडालेला पैसे देण्याचा क्यूआर कोड फोन सहज वाचतो, त्यामागेही रीड-सॉलोमनच आहे. त्याच्या सर्वांत वरच्या पातळीत सुमारे ३० टक्के मजकूर परत मिळवता येतो.

याच कुळातील बीसीएच कोडच्या नावातील ‘बी’ म्हणजे राजचंद्र बोस. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेल्या या गणितज्ञाचे नाव आपल्या अभ्यासक्रमांत आद्याक्षरापुरतेच उरले आहे, हे मला खटकते.

आजचे कोड आणि छपरावरची डिश

रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मांडलेला एलडीपीसी (विरळ पॅरिटी-तपासणीचा) कोड तेव्हाच्या यंत्रांना झेपला नाही आणि तीसेक वर्षे जवळजवळ अडगळीत पडला. आज ५जी मधील मजकूर त्यावरच चालतो. त्याचे डिकोडिंग वरील दोन गोष्टी जोडून समजते: राखणदार हजारोंनी आहेत, पण प्रत्येकाची हद्द मोजक्या बिटांचीच, आणि तक्रार ‘सम-विषम’ अशी न करता ‘मला इतकी शंका आहे’ अशा आकड्यात केली जाते. बिट आणि राखणदार एकमेकांना हे आकडे पुन्हापुन्हा कळवतात आणि सर्व तक्रारी मिटल्या की थांबतात. ठरावीक फेऱ्यांत त्या मिटल्या नाहीत तर डिकोडरने अपयश कबूल करावे.

कोडची मर्यादा पाहायची असेल तर जुलैमध्ये घरातला टीव्ही पाहावा. दूरदर्शनच्या जुन्या ॲन्टेनावर सिग्नल कमी होत गेला की पडद्यावर मुंग्या वाढत जात आणि कार्यक्रम कसाबसा पाहता येई. आता १२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा उपग्रह-संकेत पावसात विरत असतो तेव्हा डिकोडर सर्व चुका निमूटपणे सुधारत राहतो, चित्र स्वच्छ दिसते, आणि मग एका सरीसरशी चौकोन पडून पडदा गोठतो. चांगला कोड असाच कड्यावरून कोसळतो. म्हणून जोडणी तपासताना चित्र पाहू नये, डिकोडरने दुरुस्त केलेल्या चुकांचा आकडा पाहावा. तो चित्राच्या बराच आधी बोलतो.

प्रत्येक ठिकाणी सुधारणेची गरज असतेच असे नाही. मुरगाव बंदरात ये-जा करणारी जहाजे आपली जागा सांगणारे एआयएस संदेश पाठवतात, त्यांत चूक ओळखण्यापुरते १६ बिट असतात, सुधारण्याची सोय नसते. बिघडलेला संदेश फेकून दिला जातो, कारण चालते मोठे जहाज काही सेकंदांत नवा संदेश पाठवतेच.

स्वतः लिहिलेला डिकोडर तपासताना

केवळ शून्यांचा संदेश पाठवून तपासणी करू नये. एका प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांचा डिकोडर सर्व कसोट्यांत उतरला आणि आम्ही अर्धा तास खूश होतो. नंतर कळले की तो काहीही आले तरी शून्यच देत होता. संदेश यादृच्छिक घ्यावेत. आधी एकही चूक न घालता चालवावे, मग प्रत्येक जागी एकेक चूक घालून, मग कोडच्या क्षमतेइतक्या, आणि शेवटी क्षमतेपेक्षा एक जास्त. शेवटच्या कसोटीत तो कधी अपयश कबूल करतो आणि कधी आत्मविश्वासाने चुकीचा शब्द देतो, याची वेगवेगळी नोंद ठेवावी.

चुकांचे प्रमाण मोजताना निदान शंभर चुका जमेपर्यंत आकड्यावर विश्वास ठेवू नये. दोन-तीन चुकांवरून काढलेला आलेख पुढच्या धावेत हलतो. कोड लावलेल्या आणि न लावलेल्या जोडणीची तुलना करताना ऊर्जा पाठवलेल्या बिटामागे न मोजता संदेशाच्या बिटामागे मोजावी. आपल्या संवहनी कोडमध्ये एका संदेश-बिटासाठी दोन बिट जातात, म्हणजे ३ डेसिबल आधीच खर्ची पडलेले असतात. ते वजा न करता काढलेला आलेख सुरेख दिसतो, आणि तपासणारा पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

शेवटी डिकोडरच्या मागे एक सीआरसी तपासणी (चूक उरली आहे का एवढेच ओळखणारे जादा बिट) ठेवावी आणि ती नापास झाली तर शब्द पुढे न पाठवता पुन्हा मागवावा. फोनवर रेंज गेली असेल तर टॅक्सीवालाही निघण्याआधी विचारतो, ‘कोलवाळ म्हणजे म्हापशाच्या पुढचे ना?’